फुफ्फुसातील घट्ट गाठ आणि दुधी काचेसारखी गाठ: दोन अहवाल, दोन वेगळी वेळापत्रके

माझ्या आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या सीटी स्कॅनच्या अहवालांत एकच शब्द छापलेला आहे: ‘नोड्यूल’. मी ठाण्यात नौपाड्याला राहतो, ताई नेरूळला. २०२२ च्या जानेवारीत छातीत दुखले म्हणून माझ्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी झाला आणि त्यात उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात ७ मिलिमीटरची गाठ दिसली. त्याच वर्षी दिवाळीनंतर ताईचा खोकला महिनाभर हटेना, तेव्हा तिच्या स्कॅनमध्ये ९ मिलिमीटरची गाठ निघाली. घरातल्या सगळ्यांनी दोघांचे दुखणे एकच असल्याचे धरून चालले आणि आम्ही दोघांनीही तेच केले. २०२४ च्या सुरुवातीला डॉक्टरांनी मला ‘आता स्कॅन पुरे’ असे सांगितले, तेव्हा ताईला वाटले की तिचीही सुटका वर्षभरात होईल. तशी ती झाली नाही आणि आपले काहीतरी बिघडले आहे, अशी भीती तिच्या मनात बसली. प्रत्यक्षात काहीही बिघडलेले नव्हते. आमच्या गाठी दोन वेगळ्या प्रकारच्या होत्या आणि तो फरक अहवालात ‘नोड्यूल’च्या आधी आलेल्या शब्दात होता. माझ्या अहवालात ‘सॉलिड’ असे लिहिले होते, तिच्या अहवालात ‘ग्राउंड ग्लास’.

सॉलिड म्हणजे घट्ट. फुफ्फुस हा हवेने भरलेला अवयव असल्यामुळे सीटीत तो काळा दिसतो आणि त्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या पांढऱ्या फांद्यांसारख्या दिसतात. घट्ट गाठीच्या जागी हवा उरलेलीच नसते, म्हणून ती पांढरी ठिपक्यासारखी उठून दिसते आणि तिच्यामागची रक्तवाहिनी झाकली जाते. ‘ग्राउंड ग्लास’ला आपल्याकडे न्हाणीघराच्या खिडकीला बसवतात त्या दुधी काचेची उपमा चपखल बसते. तेथे फुफ्फुसातली हवा पूर्णपणे गेलेली नसते. वायुकोशांच्या भिंती जाड झालेल्या असतात किंवा कोश अर्धवट भरलेले असतात, त्यामुळे करडा धुरकटपणा दिसतो, पण त्यातून रक्तवाहिन्यांच्या रेषा मात्र ओळखू येतात. तिसराही एक प्रकार आहे, ज्यात धुरकट भागाच्या पोटात घट्ट भाग असतो. त्याला ‘पार्ट सॉलिड’ म्हणतात आणि ताईच्या बाबतीत डॉक्टरांचे सारे लक्ष अशी गाठ तयार होते का, याकडेच आहे.

येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. २०२० आणि २०२१ मध्ये ठाणे आणि नवी मुंबईत घरोघरी एचआरसीटीचे अहवाल आले, फुफ्फुस किती बाधित याचे २५ पैकी किती गुण हे लोक एकमेकांना फोनवर सांगत होते आणि ‘ग्राउंड ग्लास’ हा शब्द सगळ्यांच्या कानांवर पडला. त्यामुळे ताईच्या अहवालातला तो शब्द वाचून आमच्या भाच्याने तो कोविडचा उरलेला डाग ठरवला. कोविडमध्ये दोन्ही फुफ्फुसांत पसरलेला धुरकटपणा आणि एकाच जागी असलेली, कडा ओळखू येणारी धुरकट गाठ यांना नाव एकच मिळाले आहे, कारण ते नाव दिसण्याचे आहे, रोगाचे नाही. मात्र भाच्याच्या म्हणण्यात एक अंश खरा होता: संसर्गामुळे किंवा थोड्या रक्तस्रावामुळे आलेली धुरकट गाठ काही महिन्यांत विरून जाऊ शकते. म्हणूनच अशा गाठीच्या दुसऱ्या स्कॅनमध्ये पहिला प्रश्न ‘वाढली का?’ हा नसतो, तर ‘अजून आहे का?’ हा असतो. ताईचा दुसरा स्कॅन २०२३ च्या जूनमध्ये झाला आणि गाठ तेथेच होती.

घट्ट गाठीच्या मागे काय असू शकते, याची यादी आपल्याकडे वेगळ्या क्रमाने लिहावी लागते. क्षयरोगाचा जुना, बरा झालेला व्रण ही येथील अगदी नेहमीची गोष्ट आहे. कित्येकांना आपल्याला कधी क्षयाचा संसर्ग झाला होता हेही माहीत नसते. गाठीत मध्यभागी, थरांमध्ये किंवा संपूर्णपणे चुना (कॅल्शियम) साठलेला असेल, तर ती जुनी आणि निरुपद्रवी मानतात. गाठीत चरबी दिसली किंवा मक्याच्या लाहीसारखा चुना दिसला, तर ती बहुधा हॅमार्टोमा नावाची साधी गाठ असते. फुफ्फुसाच्या दोन खंडांमधल्या फटीला चिकटलेली, त्रिकोणी, गुळगुळीत कडांची लहान गाठ ही बहुतेक वेळा लसिकाग्रंथी असते. याउलट काटेरी कडा, वरच्या खंडातली जागा, वाढलेले वय आणि धूम्रपानाचा इतिहास या गोष्टी संशय वाढवतात. माझी गाठ वरच्या खंडात होती आणि मी वीस वर्षे सिगारेट ओढली होती, त्यामुळे मला जोखमीच्या गटात धरले गेले आणि ते योग्यच होते.

ताईने आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही. आमच्या नात्यातल्या निम्म्या लोकांनी तिला याच एका गोष्टीवर ‘मग तुला कशाला स्कॅन?’ असे विचारले. हा प्रश्न प्रेमापोटी येतो, पण तो घातक आहे. न विरणाऱ्या धुरकट गाठी कधीही धूम्रपान न केलेल्या व्यक्तींमध्ये, आणि आशियाई स्त्रियांमध्येही, आढळतात. त्यांतल्या काही पुढे ॲडिनोकार्सिनोमा या प्रकारच्या कर्करोगाच्या अगदी आरंभीच्या पायऱ्या ठरतात. या पायऱ्यांवर पेशी वायुकोशांच्या भिंतींवर अस्तरासारख्या पसरतात आणि कोशांतली हवा तशीच राहते, म्हणून चित्र धुरकट दिसते. पेशी आत घुसू लागल्या की बहुधा त्या जागी घट्ट भाग दिसू लागतो. यामुळेच ‘आकार तेवढाच आहे’ हे वाक्य माझ्या अहवालात दिलासा देते, पण ताईच्या अहवालात ते अर्धेच उत्तर असते. तिची गाठ ९ मिलिमीटरच राहून तिच्या आत घट्ट भाग उगवला, तर तो बदल मोजपट्टीवर दिसणार नाही आणि तरीही तोच सर्वांत महत्त्वाचा असेल.

वेळापत्रकांमधला फरक याच कारणातून येतो. घट्ट गाठ कर्करोगाची असेल तर तिचे घनफळ साधारणपणे १०० ते ४०० दिवसांत दुप्पट होते. म्हणजे दोन वर्षे ती जागच्या जागी, तेवढीच राहिली, तर तिने आपली बाजू पुरेशी मांडली, असे डॉक्टर मानतात. धुरकट गाठीची गती फारच मंद असते. घनफळ दुप्पट व्हायला कित्येकदा काही वर्षे लागतात, म्हणून तिच्या बाबतीत दोन वर्षांच्या शांततेतून फारसे काही सिद्ध होत नाही. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या फ्लाइशनर सोसायटी या छातीच्या प्रतिमाशास्त्राच्या संस्थेने २०१७ मध्ये सुधारून दिलेले नियम जगभर वापरले जातात आणि त्यांत हा फरक स्पष्ट आहे. ६ ते ८ मिलिमीटरच्या एकट्या घट्ट गाठीसाठी ६ ते १२ महिन्यांनी एक स्कॅन सांगितला आहे, आणि जोखीम जास्त असल्यास १८ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरा. ६ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या निव्वळ धुरकट गाठीसाठी ती टिकून आहे का हे पाहण्यासाठी ६ ते १२ महिन्यांनी एक स्कॅन आणि पुढे पाच वर्षे होईपर्यंत दर दोन वर्षांनी एक. पार्ट सॉलिड गाठीला ३ ते ६ महिन्यांनी पाहतात आणि ती टिकली, पण तिचा घट्ट भाग ६ मिलिमीटरच्या आत स्थिर राहिला, तर पाच वर्षे दर वर्षी. ८ मिलिमीटरवरच्या घट्ट गाठीला मात्र तीन महिन्यांचा स्कॅन, पेट स्कॅन किंवा सुईने तुकडा काढणे यांचा विचार लगेच होतो. हे नियम ३५ वर्षांखालील व्यक्तींना, आधीच कर्करोग झालेल्यांना किंवा प्रतिकारशक्ती दबलेल्यांना लागू नाहीत. शिवाय क्षयाचे प्रमाण जास्त असलेल्या आपल्या भागात डॉक्टर त्यांत स्वतःचा विवेक मिसळतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या तारखा पाहून आपल्या तारखा ठरवणे हे तर सर्वथा चूक आहे.

ताईला मी हे समजावले, तेव्हा तिने एकच विचारले, “म्हणजे माझी गाठ तुझ्यापेक्षा वाईट का रे?” या प्रश्नाला सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येत नाही. घट्ट गाठ कर्करोगाची निघाली तर ती वेगाने वाढू शकते, पण आपल्याकडच्या लहान घट्ट गाठींतल्या फार मोठ्या हिश्श्याला काहीच होत नाही. टिकून राहिलेली धुरकट गाठ कर्करोगाची आरंभीची पायरी असण्याची शक्यता दुर्लक्ष करण्याजोगी नसते, पण ती इतकी सावकाश चालते की तिच्यावर नजर ठेवायला आणि गरज पडलीच तर वेळेत शस्त्रक्रिया करायला भरपूर अवकाश मिळतो. ताईच्या दोन स्कॅनमध्ये दोन वर्षांचे अंतर ठेवले आहे, ते तिची हेळसांड होते म्हणून नव्हे, तर तिच्या गाठीची गतीच तेवढी आहे म्हणून.

पेट स्कॅनबाबतही दोन्ही गाठींची गल्लत होते. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी मला आणि ताईला, दोघांनाही, ‘एकदा पेट करून मोकळे व्हा’ असे सुचवले होते. पेट स्कॅन पेशी साखर किती खेचतात हे पाहतो. ८ मिलिमीटरहून लहान घट्ट गाठीत तो भरवशाचा नसतो; क्षयाचा किंवा इतर दाहाचा सक्रिय व्रण मात्र त्यात कर्करोगासारखाच चमकू शकतो. निव्वळ धुरकट गाठ तर कर्करोगाची असूनही अनेकदा चमकत नाही, कारण तिच्यात पेशींची दाटी कमी असते. म्हणजे माझ्या बाबतीत त्याच्या ‘हो’वर विसंबणे कठीण होते आणि ताईच्या बाबतीत त्याच्या ‘नाही’वर. साध्या एक्स-रेचेही असेच आहे: एवढ्या लहान गाठी त्यात बहुधा दिसतच नाहीत, तेव्हा ‘एक्स-रे स्वच्छ आहे’ हे दोघांसाठीही उत्तर नव्हते.

मोजमापाबद्दल मला अधिक लिहावेसे वाटते, कारण आम्हा दोघांनाही अकारण त्रास तेथेच झाला. माझ्या दुसऱ्या स्कॅनच्या अहवालात ७ ऐवजी ८ मिलिमीटर असे छापून आले. तो स्कॅन वेगळ्या केंद्रावर झाला होता आणि तेथे माझ्या आधीच्या स्कॅनच्या प्रतिमा न पाहता केवळ अहवालातला आकडा वाचून ‘वाढ’ असा शब्द लिहिला गेला होता. डॉक्टरांची भेट मिळेपर्यंतचे अकरा दिवस मी रात्री झोपलो नाही. डॉक्टरांनी दोन्ही सीडी एकाच पडद्यावर शेजारी शेजारी लावल्या, तीच पातळी शोधून स्वतः मोजले आणि गाठ हललेली नाही, असे सांगितले. साधारण २ मिलिमीटरच्या आतला फरक हा मोजणाऱ्याचा आणि यंत्राचा असू शकतो, म्हणून तो वाढ मानत नाहीत. मात्र व्यास थोडा वाढला तरी घनफळ बरेच वाढते: ५ मिलिमीटरची गाठ ६.३ मिलिमीटरची झाली की तिचे घनफळ दुप्पट झालेले असते. दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि त्यांची सांगड घालण्यासाठी कागदावरचा आकडा नव्हे, मूळ प्रतिमाच लागतात.

ताईची अडचण निराळी होती. तिच्या पहिल्या स्कॅनच्या फिल्मवर ५ मिलिमीटर जाडीचे छेद, म्हणजे सीटीतले एकेक काप, छापले होते. एवढ्या जाड छेदात गाठीसोबत आजूबाजूची हवाही एकाच चित्रात मिसळते, त्यामुळे लहान घट्ट गाठसुद्धा धुरकट दिसू शकते. सुदैवाने सीडीवर पातळ छेद शिल्लक होते आणि त्यांवरून तिची गाठ खरोखरच धुरकट असल्याची खात्री झाली. गाठ कोणत्या प्रकारची हे ठरवायला १ ते १.५ मिलिमीटरचे छेद लागतात. श्वासाचेही महत्त्व तिच्यासाठी अधिक आहे. स्कॅनच्या वेळी पूर्ण श्वास भरून धरला नाही, तर सगळे फुफ्फुसच थोडे दाट दिसते आणि धुरकट गाठीची तुलना बिघडते. घट्ट गाठ त्या चुकीने एवढी फसवत नाही. म्हणून ताई आता स्कॅनच्या आठवडाभर आधीपासून घरी श्वास रोखण्याचा सराव करते.

किरणांची धास्ती दोघांनाही होती, ती थोडक्यात सांगतो. पाठपुराव्याचा स्कॅन कमी मात्रेचा आणि शिरेतून औषध न देता करता येतो. त्यात सुमारे १ ते १.५ मिलिसीव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) किरणे मिळतात, तर नैसर्गिक वातावरणातून माणसाला वर्षभरात सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. अपॉइंटमेंट घेतानाच ‘लो डोस, पातळ छेद’ हे सांगून ठेवावे.

२०२५ च्या जूनमध्ये ताईचा तिसरा स्कॅन झाला. ९ मिलिमीटर, निव्वळ धुरकट, घट्ट भाग नाही. पुढचा २०२७ च्या जूनमध्ये आहे. त्या दिवशी तुलना शेवटच्या स्कॅनशीच नव्हे, २०२२ च्या पहिल्या स्कॅनशीही करावी लागेल, कारण इतकी मंद वाढ दोन वर्षांच्या अंतरात डोळ्यांना चकवते आणि पाच वर्षांच्या अंतरात सापडते. त्या पहिल्या सीडीवर आता चरे पडू लागले आहेत. गेल्या रविवारी ट्रान्स-हार्बरच्या गाडीने नेरूळला जाऊन मी ती घेऊन आलो आणि तिच्यातल्या सगळ्या फाइली दोन पेन ड्राइव्हवर उतरवल्या. एक माझ्या कपाटात आहे आणि दुसरा ताईच्या देवघराशेजारच्या खणात, तारखेची चिठ्ठी लावून.