बत्तीस एमबीचा खटला

खिशातल्या संगीताचा इतिहास सांगणारे बहुतेक जण १९७९च्या सोनी वॉकमनपासून निघतात आणि एका उडीत २००१च्या आयपॉडवर पोचतात. मधल्या 'रिओ' या छोट्या प्लेअरची आठवण फारशी कुणी काढत नाही. माझ्या मते मात्र खरी कलाटणी तिथेच आहे.

आधी अडचण काय होती ते पाहू. सीडीवरचं एक मिनिटाचं संगीत साधारण १० एमबी जागा खातं. जर्मनीत एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या कानाची खोड हेरली. मोठ्या आवाजाला लागून आलेला बारीक आवाज आपल्याला ऐकूच येत नाही, मग तो साठवायचा कशाला? अशी काटछाट करून मिनिटाला १ एमबीच्या आसपास भागू लागलं. त्या फाइलींना 'एमपी३' हे शेपूट लागलं १९९५ मध्ये.

१९९८ साली दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीचा 'एमपीमॅन' हा एमपी३ वाजवणारा प्लेअर आला आणि त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड मल्टिमीडियाचा 'रिओ पीएमपी३००'. किंमत २०० डॉलर, मेमरी ३२ एमबी. म्हणजे अर्धा तास गाणी. साठ मिनिटांच्या कॅसेटची जेमतेम एक बाजू!

एवढ्याशा डबीने रेकॉर्ड कंपन्या हादरल्या. ऑक्टोबर १९९८ मध्ये त्यांची संघटना कोर्टात गेली. आधार होता १९९२चा कायदा: डिजिटल रेकॉर्डिंग करणाऱ्या घरगुती यंत्रात नकलेची नक्कल रोखणारं कुलूप हवं आणि विक्रीमागे रॉयल्टी भरायला हवी. तो कायदा झाला तेव्हा डोळ्यांसमोर डिजिटल टेपचे डेक होते. रिओ गाणी घ्यायचा ती कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवरून, आणि हार्ड डिस्कवर गाण्यांखेरीज इतर प्रोग्रामही असतात, त्यामुळे ती कायद्याच्या व्याख्येत बसत नव्हती आणि म्हणून तिच्यावरून नक्कल घेणारा रिओही बसत नव्हता. जून १९९९ मध्ये अपील कोर्टाने रिओच्या बाजूने निकाल दिला. आपल्याजवळची गाणी बरोबर नेता यावीत म्हणून केलेली नक्कल ही खासगी वापरातच मोडते, असंही कोर्टाने म्हटलं. प्लेअर बनवणाऱ्यांना रान मोकळं झालं.

आता प्रश्न उरला जागेचा. कॉम्पॅक या कॉम्प्युटर कंपनीच्या संशोधकांनी आखलेल्या 'पर्सनल ज्यूकबॉक्स'मध्ये १९९९ मध्येच ४.८ जीबीची हार्ड डिस्क होती, पण ती लॅपटॉपची, त्यामुळे यंत्र बोजड. २००१च्या सुरुवातीला तोशिबाने ॲपलच्या जॉन रुबिनस्टाइन यांना १.८ इंची डिस्क दाखवली. एवढ्या छोट्या डिस्कचं करायचं काय, हे तोशिबालाच नीटसं उमगलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये ती ५ जीबीची डिस्क पोटात घेऊन आयपॉड आला: हजार गाणी, ३९९ डॉलर. पुढे डिस्कऐवजी चिपवर साठवणारी फ्लॅश मेमरी स्वस्त झाली, २००७ मध्ये आयफोन आला आणि प्लेअर फोनमध्ये विरघळला. शेवटचा आयपॉड बंद होत असल्याची घोषणा मे २०२२ मध्ये झाली.

आपल्याकडे आयपॉड थोड्यांच्याच खिशात होता. बाकीच्यांसाठी फुटपाथवरची एमपी३ सीडी होती आणि नंतर मोबाइलच्या दुकानातली 'गाणी भरून मिळतील' ही पाटी. मेमरी कार्ड द्यायचं, आवड सांगायची, कार्ड भरून घ्यायचं. २०१७ मध्ये सारेगामाने तर पाच हजार गाणी आधीच भरलेला 'कारवाँ' विकायला काढला, तोही जुन्या रेडिओच्या रूपात. पाच हजारांनी भागत नसेल, तर त्याला पेनड्राइव्ह लावायचीही सोय आहे.