अमेरिकी प्रतिनिधिगृहातील पहिले भारतीय कोण?

कोल्हापुरात राजारामपुरीतील अभ्यासिका असो वा मिरजकर तिकटीचा कट्टा, अमेरिकेतील निवडणुकांचा विषय निघाला की भारतीय वंशाचे नेते बॉबी जिंदाल हेच तिथल्या प्रतिनिधिगृहात, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, पोहोचलेले पहिले भारतीय, असे ठामपणे सांगितले जाते. ते खरे नाही. जिंदाल २००४ साली निवडून आले आणि त्यांचा जन्मही अमेरिकेतलाच. हा मान त्याआधी जवळपास अर्धशतक, १९५६ साली, पंजाबात जन्मलेल्या दलीपसिंग सौंद यांनी मिळवला होता.

१९२० मध्ये अमेरिकेत गेलेल्या सौंद यांनी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गणितात डॉक्टरेट मिळवली, पण पुढे कॅलिफोर्नियाच्या इम्पिरियल खोऱ्यात शेतीच केली. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९२३ च्या निकालामुळे भारतीयांना नागरिकत्वाची दारे बंद होती. ती १९४६ च्या कायद्याने उघडली आणि १९४९ मध्ये ते नागरिक झाले. १९५० मध्ये वेस्टमोरलंडच्या न्यायाधीशपदी लोकांनी त्यांना निवडून दिले, तरी नागरिकत्वाला वर्ष न झाल्याने ते पद नाकारले गेले. १९५२ मध्ये त्याच पदावर ते पुन्हा निवडून आले.

१९५६ ची प्रतिनिधिगृहाची निवडणूक ते ‘भारतीयांच्या मतांवर जिंकले असतील’ हा तर्कही टिकत नाही, कारण त्यांच्या मतदारसंघात भारतीय मतदार नगण्य होते, आणि समोर ध्वनीचा वेग ओलांडणारी पहिली महिला वैमानिक, जॅकलिन कॉकरन, अशी नामवंत उमेदवार होती. सौंद तीनदा निवडून आले आणि परराष्ट्र व्यवहार समितीवर राहिले. १९६२ मधील पक्षाघाताने त्यांची कारकीर्द संपली.

परदेशात जन्मलेल्यांना तिथे राष्ट्राध्यक्ष होता येत नाही, हे खरे. प्रतिनिधिगृहासाठी मात्र सात वर्षांचे नागरिकत्व पुरते.