प्रायमाक्विन, तुरुंग आणि लाल पेशी : एका संशोधकाच्या कामाची पार्श्वभूमी

अर्नेस्ट बॉयटलर या अमेरिकी रक्ततज्ज्ञाचं नाव निघालं की बहुतेक डॉक्टरांना हेअरी सेल ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचं औषध आठवतं, नाहीतर शरीरात लोह साठण्याच्या आनुवंशिक आजारावरून 2002 साली झालेली चर्चा. पण त्याचं काम सुरू झालं प्रायमाक्विन या मलेरियाच्या गोळीपासून, आणि ती गोळी ज्यांना दिली जात होती ते तुरुंगात होते. गौरवलेखांत हा भाग एका ओळीत उरकतात, म्हणून इथं जरा जास्त लिहितोय.

आधीचं थोडक्यात. प्रायमाक्विनच्याच घराण्यातलं पामाक्विन 1920 च्या दशकात आलं तेव्हापासून काही जणांच्या लाल पेशी त्यानं फुटतात, लघवी काळपट होते हे दिसत होतं, पण सगळ्यांच्या का फुटत नाहीत ते कुणाला कळत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात जावा जपानकडे गेलं, क्विनाइन आटलं, अमेरिकी सैन्याला नवी औषधं हवी झाली आणि शिकागोच्या एका विद्यापीठानं सैन्याला सोबत घेऊन इलिनॉयमधल्या जोलिएटजवळच्या तुरुंगात प्रयोग सुरू केले. कैद्यांना मुद्दाम मलेरियाचे डास चावू द्यायचे आणि मग औषधं देऊन बघायची. युद्ध संपलं तरी हे थांबलं नाही.

खरा घोळ पुढं आहे. न्युरेंबर्गला नाझी डॉक्टरांवर खटला चालला तेव्हा त्यांच्या वकिलांनी हाच तुरुंग पुढं केला, की बघा तुम्हीही तेच करता. त्यावर अमेरिकी तज्ज्ञानं 1947 मध्ये साक्ष दिली की आमच्या राज्यपालांच्या समितीनं हे सगळं तपासलंय. गंमत अशी की समितीची तोवर एकही बैठक झाली नव्हती आणि तिचा अध्यक्ष हा साक्षीदारच होता! 1948 मध्ये समितीचा अहवाल छापून आला, त्यात हे प्रयोग नैतिकदृष्ट्या आदर्शच ठरले, फक्त शिक्षेत सूट फार मोठी देऊ नका म्हणजे आमिष वाटणार नाही एवढीच सूचना. प्रयोग बंद व्हायला 1974 उजाडलं. कैद्यांनी संमतीपत्रावर सह्या केल्या होत्या हे खरंय, पण समोर शिक्षा कमी व्हायची शक्यता असताना केलेली सही किती मोकळी असते हे ज्याचं त्यानं ठरवावं, मला ती मोकळी वाटत नाही. आणि "नैतिकतेचा प्रश्न वेगळा, विज्ञान वेगळं" असं जे म्हणतात ते इथं चालत नाही, कारण तीच माणसं महिनोन्‌महिने एका छताखाली होती, हवं तेव्हा रक्त घेता येत होतं, पुन्हा औषध देता येत होतं. शोध लागला तो त्यामुळंच.

आपला संशोधक तिथं आला 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला, पंचविशीतला सैन्यातला डॉक्टर म्हणून. औषध न सोसणारे बहुतेक कृष्णवर्णीय होते. तिथल्या संशोधकांच्या गटानं त्यांच्या लाल पेशींना किरणोत्सर्गी क्रोमियमची खूण करून त्या दुसऱ्यांच्या अंगात सोडल्या आणि औषध दिलं, तर पेशी तिथंही फुटल्या. उलटं केलं तर नाही फुटल्या. म्हणजे दोष पेशीच्या आतच. शिवाय फक्त म्हाताऱ्या पेशी जात होत्या, त्यामुळं औषध चालू असूनही काही दिवसांनी रक्त सावरायचं. मग त्यानं दाखवलं की या पेशींत ग्लुटाथिऑन, म्हणजे पेशीला इजेपासून वाचवणारा पदार्थ, टिकत नाही, आणि 1956 मध्ये त्याच गटातल्या सहकाऱ्यांनी कमी पडणारं एंझाइम जाहीर केलं, जी6पीडी. श्रेय बऱ्याचदा यालाच देतात, ते तेवढं बरोबर नाही.

त्याचं स्वतःचं सगळ्यात सुंदर काम मात्र 1962 चं. जी6पीडीचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. दोनपैकी एक जनुक सदोष असलेल्या बायकांच्या रक्तात सगळ्या पेशी निम्म्या ताकदीच्या नसतात, काही पूर्ण धडधाकट आणि काही पूर्ण कमजोर असा मिश्र माल असतो हे त्यानं दाखवलं. प्रत्येक पेशीत एकच एक्स जागा असतो ही कल्पना वर्षभर आधी उंदरांवरून मांडली गेली होती, माणसातला पुरावा असा मिळाला.

नंतर तो लाल पेशीपुरता राहिला नाही. रक्त साठवणं, गोशे आजार (पेशींत चरबीसारखा पदार्थ साठण्याचा आनुवंशिक आजार), मग क्लॅड्रिबिन, म्हणजे सुरुवातीला म्हटलेलं हेअरी सेल ल्युकेमियाचं औषध. 1990 च्या पेपरमध्ये 12 पैकी 11 ल्युकेमिया रुग्ण सात दिवसांच्या एकाच कोर्सनं पूर्ण बरे दिसले. 2002 मध्ये 41,038 लोक तपासून त्यानं आणि सहकाऱ्यांनी सांगितलं की लोहाच्या आजाराचं जनुक आई-वडील दोघांकडून मिळालेल्यांतही 1 टक्क्याहून कमी लोकांना ठळक आजार होतो. सरसकट जनुकतपासणी हवी म्हणणारे अर्थातच चिडले.

जी6पीडीचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. त्यानं 1960 च्या दशकात केलेली स्वस्त चमकठिपका चाचणी (रक्ताचा ठिपका अतिनील प्रकाशात चमकतो का ते बघायचं) आजही वापरतात, पण ती एंझाइम नेहमीच्या साधारण 30 टक्क्यांखाली असलेलेच पकडते. 2018 मध्ये अमेरिकेत टॅफेनोक्विन या मलेरियाच्याच नव्या औषधाला मंजुरी मिळाली, प्रायमाक्विनच्या 14 दिवसांऐवजी एकच डोस, फक्त एंझाइम 70 टक्क्यांच्या वर हवं. म्हणजे त्या मिश्र पेशींवाल्या बायका ठिपका चाचणीत नॉर्मल निघून नेमक्या इथं अडकतात, म्हणून आता एंझाइम आकड्यात मोजणारी चाचणी आधी करावी लागते.