गाडी बंद, ॲम्प्लिफायर मात्र जागा

डिकीत ॲम्प्लिफायर बसवल्यानंतर काही आठवड्यांनी सुरू होणारी तक्रार बहुधा एकाच साच्यातली असते. गाडी रोज चालवली तर काहीच त्रास नसतो; दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. मालक बॅटरी बदलतो आणि थोड्याच दिवसांत नवी बॅटरीही तशीच उतरते. असे का होते, हे साध्या आकडेमोडीवरून कळते.

घड्याळ, सेंट्रल लॉकिंग आणि गाडीतली इतर इलेक्ट्रॉनिक यंत्रणा यांना गाडी बंद असतानाही थोडा प्रवाह लागतो. सर्वसाधारण गाडीत हा प्रवाह ५० मिलिॲम्पिअरच्या आत असावा, असे मानले जाते. बॅटरीची क्षमता ४५ ॲम्पिअर-तास धरली, तर या वेगाने दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास खर्च होतात आणि बॅटरी निम्मी व्हायला अठरा-एकोणीस दिवस लागतात. ॲम्प्लिफायर मात्र चालू राहिला, तर गाणे वाजत नसतानाही तो एखादा ॲम्पिअर सहज घेतो, कारण त्याच्या आतला वीजपुरवठा बॅटरीच्या १२ व्होल्टपासून अधिक दाब तयार करण्याचे काम अखंड करत असतो. १ ॲम्पिअरने तीच बॅटरी एका दिवसाच्या आत निम्मी होते. रोजच्या प्रवासात अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारे जनित्र, ही तूट बरीचशी भरून काढतो, त्यामुळे दोष झाकलेला राहतो आणि सुट्टीनंतर उघडा पडतो.

संशय पहिल्यांदा जातो तो बॅटरीपासून थेट डिकीपर्यंत गेलेल्या जाड वायरवर, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण या वायरमध्ये इग्निशनच्या चावीचा काहीच संबंध नसतो; तिच्यात चोवीस तास वीज असते. पण ती तशीच असणे अपेक्षित आहे. ॲम्प्लिफायरने केव्हा जागे व्हायचे आणि केव्हा झोपायचे, हे ठरवते ती स्टिरिओकडून येणारी बारीक वायर, जिला कारागीर ‘रिमोट वायर’ म्हणतात आणि जिचा रंग बहुधा निळा किंवा निळ्यावर पांढरी रेघ असा असतो. तिच्यावर १२ व्होल्ट आले की ॲम्प्लिफायर सुरू होतो आणि ते गेले की बंद होतो. म्हणून माझ्या मते तपासाची सुरुवात बॉनेट उघडून न करता डिकी उघडून करावी. गाडी बंद करून चावी काढावी, काही वेळाने ॲम्प्लिफायरवरचा छोटा दिवा पाहावा आणि त्याच्या धातूच्या अंगाला हात लावावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत ते अंग सकाळी कोमट लागले, तर निम्मे निदान तिथेच झाले.

उरलेले निम्मे मल्टिमीटरने होते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी पिन ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगच्या टर्मिनलला आणि लाल पिन रिमोटच्या टर्मिनलला लावावी. चावी काढलेली असताना तिथे शून्याच्या जवळचा आकडा दिसला पाहिजे. १२ व्होल्ट दिसले, तर ॲम्प्लिफायर निर्दोष आहे; त्याला कुणी झोपूच देत नाही. बसवणाऱ्याने सोयीसाठी रिमोट वायर स्टिरिओच्या कायम वीज असलेल्या पिवळ्या वायरला जोडलेली असते, किंवा स्टिरिओची इग्निशनवर जायला हवी ती लाल वायरच पिवळीबरोबर बांधलेली असते, त्यामुळे चावी काढली तरी स्टिरिओला ते कळतच नाही. मधे रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच, असेल, तर त्याचे संपर्क चिकटलेले असण्याचीही शक्यता असते. काही ॲम्प्लिफायर रिमोट वायरशिवाय, स्पीकरच्या वायरींवरचा संकेत ओळखून सुरू होतात; अशा वेळी गाडीसोबत आलेला मूळ स्टिरिओ जितका वेळ जागा राहतो, तितका वेळ ॲम्प्लिफायरही जागा राहतो.

रिमोटवर शून्य असूनही बॅटरी उतरत असेल, तर मात्र प्रवाह मोजावाच लागतो, आणि इथे घाई करणारा हमखास फसतो. मीटर १० ॲम्पिअरच्या सॉकेटवर ठेवून बॅटरीचे ऋण टोक आणि त्याची वायर यांच्यामध्ये जोडतात. वायर काढून पुन्हा जोडली की गाडीतले संगणक जागे होतात आणि सुरुवातीला काही ॲम्पिअर दाखवू शकतात. ते झोपी जायला अर्धा तास, क्वचित त्याहूनही अधिक वेळ लागतो. तोपर्यंत दार उघडायचे नाही आणि मीटर जोडलेला असताना सेल्फ तर मुळीच मारायचा नाही, कारण स्टार्टर शंभरावर ॲम्पिअर खेचतो आणि मीटरचा फ्यूज त्याच क्षणी जातो. आकडा स्थिरावल्यावर ॲम्प्लिफायरच्या जाड वायरवरचा, बॅटरीजवळचा फ्यूज काढावा. प्रवाह एकदम खाली आला, तर गळती ॲम्प्लिफायरच्या आतली आहे. तसाच राहिला, तर ॲम्प्लिफायरला निर्दोष सोडून गाडीचे इतर फ्यूज एकेक काढून पाहावेत. काढलेला फ्यूज परत बसवताना ठिणगी उडाली, तर दचकू नये; ॲम्प्लिफायरच्या आतले, वीज साठवणारे मोठे कपॅसिटर भरताना क्षणभर बराच प्रवाह जातो. त्यामुळे मीटर जोडलेला असताना तो फ्यूज परत बसवू नये.

वायरभोवती चिमट्यासारखा लावून प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर असेल, तर वायर सोडवण्याची गरजच उरत नाही. फक्त तो डीसी प्रवाह मोजणारा हवा. केवळ एसी मोजणारा क्लॅम्प मीटर ट्रान्सफॉर्मरच्या तत्त्वावर चालतो आणि त्याला बदलता प्रवाहच जाणवतो, त्यामुळे तो इथे शून्यच दाखवतो आणि त्या शून्यावर विश्वास ठेवणाऱ्याचा अख्खा दिवस वाया जातो.

दोष सापडून वायर योग्य जागी जोडली, तरी बॅटरीची परीक्षा बाकी असते. शिसे-आम्ल बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवरचे लेड सल्फेट कठीण होत जाते आणि गेलेली क्षमता पूर्णपणे परत येत नाही. म्हणून ती चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी, काही तास तशीच ठेवावी आणि मग व्होल्ट पाहावेत. भरलेली निरोगी बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. ॲम्प्लिफायरचा फ्यूज काढून गाडी दोन रात्री उभी ठेवली आणि तरीही हा आकडा १२.२ पर्यंत घसरला, तर बॅटरी थकली आहे किंवा गळती दुसरीकडे आहे. फ्यूज नसताना टिकतो आणि असताना घसरतो, तर रिमोटची वायर पुन्हा एकदा तपासावी.