गाठीतल्या अमोनियाची वाट: नोड्यूलिन-२६ ची पार्श्वभूमी

शेंगवर्गीय झाडे मुळांवरच्या गाठींमधून हवेतला नत्र वापरतात, हे हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८० च्या दशकात सिद्ध केले. १८८८ मध्ये बायरिंकने गाठीतला जीवाणू वेगळा काढला. त्यानंतर अभ्यासकांचे लक्ष बराच काळ जीवाणूवर आणि नत्रापासून अमोनिया बनवणाऱ्या त्याच्या नायट्रोजिनेज विकरावर (एन्झाइमवर) राहिले. पण तयार झालेला अमोनिया झाडाला मिळतो कसा? मला हा प्रश्न नत्र बांधण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

गाठीच्या पेशीत जीवाणू मोकळे नसतात. झाड त्यांना आपल्याच पटलात, म्हणजे पातळ पडद्यात, गुंडाळून ठेवते. जीवाणूंना लागणारी कार्बनी आम्ले आत जातात आणि अमोनिया बाहेर येतो, तो याच पटलातून. सोयाबीनच्या या पटलात मुबलक असलेल्या नोड्यूलिन-२६ या प्रथिनाचे वर्णन १९८७ साली वर्मा यांच्या गटाने प्रसिद्ध केले. त्याचे काम मात्र कळले नव्हते. पुढच्याच वर्षी सांडाल आणि मार्कर यांना त्याची रचना गाईच्या डोळ्याच्या भिंगातल्या एका प्रथिनाशी जुळताना दिसली. मूळ आणि डोळा! १९९२ मध्ये पीटर आग्रे यांच्या गटाने याच कुळातले तांबड्या रक्तपेशींमधले प्रथिन पाण्याची वाहिनी, म्हणजे पटलातून पाणी जाऊ देणारी वाट, असल्याचे दाखवले, तेव्हा त्या साम्याला अर्थ आला.

तरीही उत्तर बदलत राहिले. १९९४ च्या प्रयोगांत नोड्यूलिन-२६ आयनांची, म्हणजे विद्युतभारित कणांची, वाहिनी म्हणून पुढे आले. १९९७ मध्ये त्यातून पाणी आणि ग्लिसरॉल जाताना दिसले. दरम्यान १९९५ साली टायरमन आणि सहकाऱ्यांनी त्याच पटलात अमोनियम आयनांसाठी (अमोनियाच्या विद्युतभारित रूपासाठी) वेगळी वाट असल्याचे नोंदवले. अखेर २०१० मध्ये रॉबर्ट्स यांच्या गटाने शुद्ध केलेल्या नोड्यूलिन-२६ मधून अमोनिया वायुरूप रेणू म्हणून पाण्यापेक्षा सहज जातो, हे दाखवले.

त्याच वर्षीचा दुसरा शोध मला अधिक मोलाचा वाटतो. अमोनियापासून ग्लुटामिन बनवणारे ग्लुटामिन सिंथेटेज हे विकर नोड्यूलिन-२६ च्या पेशीद्रवाकडच्या शेपटीला जाऊन चिकटते. पेशीत साठला तर अमोनिया विषारी ठरतो. वाहिनीच्या तोंडाशीच विकर असेल तर तो बाहेर पडताच वापरला जाऊ शकतो.

या प्रथिनाचे भाईबंद गाठी न येणाऱ्या झाडांतही आहेत. भाताच्या मुळांतले एल-एस-आय-१ हे त्यांपैकीच एक. ते जमिनीतले सिलिकॉन आत घेते, हे २००६ मध्ये समजले.