300 डीपीआय केलं म्हणजे फोटो फुटत नाही?

नौपाड्यात फ्लेक्स छापायला येणारे अजूनही खात्रीने सांगतात, "फोटो 300 डीपीआय करून आणलाय, फुटणार नाही." तसं नसतं हो! डीपीआय, म्हणजे इंचाला किती ठिपके छापायचे, हा फाइलवर लिहिलेला नुसता आकडा. खरा माल पिक्सेलचा, म्हणजे फोटो ज्यांनी बनतो त्या बारीक चौकोनांचा. 1600 पिक्सेल रुंदीचा फोटो 10 फुटांवर ताणला की इंचाला जेमतेम 13 पिक्सेल उरतात. चौकात, लांबून, ते खपून जातं. तोच बोर्ड दुकानाच्या दारात लावला तर नाकाच्या कडेला पायऱ्या दिसतात, फोटो फुटतो तो असा. फोटोची जेपीजी फाइल पीएनजी प्रकारात बदलूनही गेलेला तपशील परत येत नाही.

लोगोची मात्र मूळ व्हेक्टर फाइलच मागा. तो रेषांच्या गणितावर बनतो, व्हिजिटिंग कार्डापासून होर्डिंगपर्यंत तसाच धारदार. आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना कृपा करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ॲप तो दाबून त्याचे पिक्सेल कमी करतं.