निनादाचा लसावि

गेल्या गणपतीत नागपूरच्या महाल भागातल्या एका मंगल कार्यालयात खंजिरी भजनाचा कार्यक्रम होता. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी भजन विदर्भाच्या घराघरात नेलं, त्यामुळे असा कार्यक्रम असला की मी सहसा चुकवत नाही. मंडळ तयारीचं होतं, बुवांचा गळाही सुरेल. पण मागे बसलेल्यांना शब्द कळत नव्हते. शेजारचे काकाजी म्हणाले, "आवाज तं गोड आहे, पण काय म्हणून राहिले काही समजून नाही राहिलं." तेवढ्यात बुवांनीच माइकवरून सांगितलं, "भाऊ, इको जरा वाढवा न."

साउंडवाल्यानं नॉब फिरवला आणि उरलेसुरले शब्दही गेले.

इको वाढवला की गळा गोड होतो, ही समजूत गावोगावच्या स्टेजवर पक्की बसली आहे. मुळात तो नॉब बहुतेक वेळा इकोचा नसतोच. शाळेत शिकलेला प्रतिध्वनी म्हणजे मूळ आवाजानंतर निदान ०.१ सेकंदानं वेगळा ऐकू येणारा आवाज. त्यासाठी भिंत १७ मीटरभर दूर लागते. बंद खोलीत मात्र भिंती, छत, फरशी यांवरून परावर्तनं इतकी दाट येतात की ती सुटी ऐकू येत नाहीत, आवाज नुसता रेंगाळतो. हा निनाद, म्हणजेच रिव्हर्ब. तो ६० डेसिबलनं उतरायला, म्हणजे त्याची ऊर्जा दहा लाखाव्या हिश्शावर यायला, जितका वेळ लागतो तो त्या जागेचा निनादकाळ.

हा काळ कशावर ठरतो ते हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून काही वर्षं रात्री-रात्री मोजमाप करून शोधलं. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या ते व्याख्यानाच्या खोलीत आणून ठेवत आणि आवाज किती लवकर विरतो ते मोजत. त्यांचं सूत्र सोपं आहे: ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण. आपल्या कार्यालयासारखा २० मीटर लांब, १२ रुंद, ५ उंच हॉल घ्या. गुळगुळीत फरशी आणि प्लास्टर सरासरी ४ टक्के ध्वनी शोषतात असं धरलं, तर रिकाम्या हॉलचा निनादकाळ ६ सेकंद येतो. ३०० माणसं येऊन बसली की तोच सव्वा सेकंदाच्या आत. कपडे घातलेला माणूस ही उत्तम गादीच आहे. म्हणून दुपारी रिकाम्या हॉलमध्ये केलेलं साउंड चेक संध्याकाळी उपयोगी पडत नाही.

आता मला जे सांगायची खरी हौस आहे ते. साउंडवाल्याचा मिक्सर, म्हणजे तो नॉब असलेलं यंत्र. त्या डब्यात ना भिंत, ना छत. मग तिथं हॉल येतो कुठून?

१९६२ साली बेल लॅब्जमधल्या मॅनफ्रेड श्रोडर यांनी याचं उत्तर मांडलं. आवाज घ्यायचा, ३० मिलिसेकंद थांबवायचा, थोडा बारीक करून पुन्हा त्याच फेऱ्यात सोडायचा. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज फिरतो तसाच हा फेरा. पण एकच फेरा असला तर पत्र्याच्या पिंपात तोंड घालून बोलल्यासारखं ऐकू येतं. कारण ३० मिलिसेकंदांच्या फेऱ्यात ३३ हर्ट्झच्या पटीतल्या कंप्रता फुगतात आणि मधल्या दबतात. आलेख काढला तर कंगव्याचे दात दिसतात. या फिल्टरचं नावच कंगवा. श्रोडर यांनी असे चार कंगवे शेजारी शेजारी लावले, एकाची फट दुसऱ्याच्या दातानं भरावी म्हणून.

फेरे किती लांबीचे घ्यायचे? इथं पाचवी-सहावीतला लसावि कामाला येतो. ३०, ३६, ४० आणि ४५ मिलिसेकंद घेतले तर त्यांचा लसावि ३६०. म्हणजे दर ३६० मिलिसेकंदांनी चारही फेरे एकाच क्षणी परत येणार आणि निनादात ठक, ठक असा ठोका पडणार. आता २९, ३७, ४१ आणि ४३ घ्या. सगळ्या मूळ संख्या. यांचा लसावि १८,९१,६९९ मिलिसेकंद, म्हणजे साडेएकतीस मिनिटं! चौघे एकत्र येईपर्यंत आवाज केव्हाच विरलेला असतो. तालात हे आपल्याला ठाऊकच आहे. सहा मात्रांचा दादरा आणि आठ मात्रांचा केरवा एकत्र सुरू केले तर २४व्या मात्रेनंतर समेवर भेटतात. दादरा आणि सात मात्रांचा रूपक भेटायला ४२ मात्रा लागतात. समेवर येण्यातच गाण्याचा आनंद, आणि निनादाला मात्र सम नकोच. प्रत्यक्षात गणित मिलिसेकंदांत न होता नमुन्यांत होतं, म्हणजे आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा वगैरे मोजून, त्यामुळे संख्या आणखी मोठ्या असतात. फेऱ्यांमध्ये ३:४ सारखं सोपं गुणोत्तरही जवळपास येऊ द्यायचं नसतं.

तरीही चार कंगव्यांतून सेकंदाला जेमतेम शंभरेक परावर्तनं निघतात. कानाला ती सलग वाटायला हजारभर लागतात. म्हणून पुढे आणखी दोन फिल्टर. त्यांत फेऱ्यातून आलेल्या आवाजात मूळ आवाज उलट चिन्हानं मिळवतात, प्रमाण असं धरून की कुठलीही कंप्रता कमी-जास्त होऊ नये, फक्त प्रत्येक ठोका कालात विखुरला जावा. मिक्सरवर 'डिफ्यूजन' लिहिलेलं दिसतं ते या विखुरण्याबद्दल.

आणि 'डिके'? फेऱ्यात दरवेळी किती आवाज परत सोडायचा, ते प्रमाण. २९ मिलिसेकंदांच्या फेऱ्यात ८२ टक्के सोडला तर निनादकाळ १ सेकंद. ९० टक्क्यांच्या किंचित वर गेलं की २ सेकंद. ९५ टक्के केलं की ४. प्रमाण जरासं वाढतं आणि शेपूट दुप्पट होतं. आजचे डिजिटल रिव्हर्ब यापुढे पुष्कळ गेले आहेत, पण आवाज फेऱ्यात फिरवण्याचा हा विचार त्यांतल्या कितीतरींच्या मुळाशी आहे.

यावरून कुठल्या वाद्याला काय द्यायचं ते बरंचसं आपोआप सुचतं. गळ्याचे शब्द व्यंजनांवर उभे असतात. क, त, प हे मोजक्याच मिलिसेकंदांत संपणारे आवाज, तेही स्वरांपेक्षा कितीतरी बारीक. मागच्या 'आ'चं शेपूट त्यांच्यावर पडलं की शब्द बुडतो. म्हणून गळ्याला प्री-डिले द्यावा, ३० ते ५० मिलिसेकंद. शब्द आधी कोरडा पोचतो, निनाद त्याच्या मागून येतो. डिफ्यूजन कमी, डिके एक-दीड सेकंद, आणि रिव्हर्बमधून २०० हर्ट्झच्या खालचा भाग काढून टाकावा.

तबल्याचं उलट. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा आणि मात्रेत चार बोल धरले, तर बोलाबोलात ६२ मिलिसेकंद. दोन सेकंदांच्या शेपटात ३२ बोल एकावर एक चढतात! डिके पाऊण सेकंदाच्या आत ठेवावा, आणि डिफ्यूजन भरपूर, नाहीतर एकेका थापेचे खडे मोजता येतात. डग्ग्याला माझ्या मते नकोच. खंजिरीच्या चकत्यांचे वरचे सूर रिव्हर्बमध्ये गेले की नुसता सिसकारा उरतो. तिथं डॅम्पिंग, म्हणजे शेपटातले वरचे सूर लवकर विरवणं, वाढवावं. बासरी, व्हायोलिन, सारंगी यांचे स्वर हळूवार उमलतात, त्यांना दोन-अडीच सेकंदही शोभतात. सतारीला तरफेच्या तारा आहेत, म्हणजे निनाद वाद्यातच बांधलेला, तेव्हा अगदी थोडा पुरे. हार्मोनियमला त्याहून कमी.

निनादाबद्दल एक मेसेज मोबाइलवर दरवर्षी फिरतो: देवळातल्या घंटेचा नाद सात सेकंद टिकतो आणि शरीरातल्या सात चक्रांना जागं करतो. घंटा किती वेळ वाजते हे धातू, वजन आणि आकारावर ठरतं, गाभारा किती घुमतो हे दगडावर आणि घनफळावर. कुठं तीन सेकंद भरतील, कुठं दहा. गाभाऱ्यातला तो घुमणारा आवाज मलाही फार आवडतो, आणि त्याचं कारण सॅबिन यांच्या सूत्रात मिळतं.

त्या दिवशी चहाच्या वेळी मी साउंडवाल्याकडे गेलो. तरुण मुलगा, शिकायला उत्सुक. त्याच्या टॅबवर बुवांच्या माइकला ३.२ सेकंद डिके आणि शून्य प्री-डिले होता, आणि तोच रिव्हर्ब खंजिरीला आणि पेटीलाही. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पन्नासेक माणसं होती, म्हणजे हॉलचेच साडेतीन सेकंद त्यात मिसळत होते. आता हॉल भरला होता. आम्ही डिके १.१ केला, प्री-डिले ४०, खंजिरीला वेगळा ०.६, पेटीचा बंद. बुवांनी पुढचं भजन धरलं. दुसऱ्या कडव्यानंतर काकाजी पाठ नसलेलं ध्रुवपद बुवांबरोबर म्हणू लागले.